एकसष्ट कलमं

१

पहिला थेंब कलमबाईच्या मानेवर पडला.

सकाळची वेळ होती. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता आणि महिनाभर पाऊस फिरकला नव्हता. रोपवाटिकेच्या कडेला, खांबावर बसवलेल्या चौथ्या पेटीखाली वाकून ती एका कलमाची साल बोटांनी चाचपत होती. थेंब पडला तसा तिनं मानेवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली आणि तिथंच थुंकली. मग शिडी आणून पेटीचं मागचं झाकण उघडलं. आत एक गव्हाणी घुबड पालथं पडलं होतं. पांढरं तोंड कोपऱ्यात खुपसलेलं, एक पंख अंगाखाली दुमडलेला, आणि पोटाखालची फळी ओलीचिंब.

दहा वाजेपर्यंत पाचव्या आणि नवव्या पेटीतही एकेक घुबड मेलेलं सापडलं. अकरा वाजता कलमबाईच्याच छपरीची झडती झाली आणि मेणाच्या डब्यांमागे उंदीर मारायच्या हिरव्या विषाची बरणी निघाली.

त्या संशोधन केंद्रात तीन विभाग होते. एक झाडांच्या कलमांचा, दुसरा पक्ष्यांच्या रक्षणाचा आणि तिसरा उंदीर-किडींच्या बंदोबस्ताचा. दोन वर्षांपूर्वी पक्षी विभागानं बारा पेट्या उभारल्या होत्या. घुबडांनी त्यांत राहावं, उंदीर खावेत, म्हणजे विष वापरायला नको, असा तो प्रयोग. अहवालांत तो फारच यशस्वी झाला होता. तो पाहायला परवा बाहेरून तज्ज्ञांची समिती येणार होती, आणि आज ही घाण निघाली.

संचालकबाईंनी पोलिसांना कळवलं नाही. त्यांनी आपल्या मामाला फोन केला.

हा मामा म्हणजे एक निवृत्त बीजपरीक्षक. चाळीस वर्षं त्यानं एकच काम केलं होतं. पोत्यातून मूठभर दाणे घ्यायचे, चाळायचे, आणि किती दाणे, किती खडे, किती किडके ते मोजून लिहायचं. त्यामुळे सगळे त्याला चाळणकाका म्हणत. माणूस भिडस्त. दुकानात कमी सुटे मिळाले तरी मागायला लाजणारा. आणि किळस तर इतकी, की चमच्यावर डाग दिसला तर जेवणावरून उठायचा.

"मामा, तू ये," भाची फोनवर म्हणाली. "घरातलंच आहे असं समज. बघ, आणि परवा सकाळपर्यंत दोन ओळी लिहून दे."

"अगं, पण मला घुबडातलं काय कळतंय?"

"कळायचंय काय त्यात? विषाची बरणी बाईच्या छपरीत सापडली आहे. बाहेरच्या माणसानं लिहिलं की बरं दिसतं, एवढंच."

फोन ठेवल्यावर चाळणकाकाला वाटलं, आपण नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर तिनं गाडी पाठवलीही होती.

२

केंद्रात पोचल्यावर चाळणकाकानं आधी भाचीच्या टेबलावर ठेवलेली, झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली ती बरणी पाहिली आणि मग तो रोपवाटिकेत गेला. कलमबाई छपरीत बसून चाकूला धार लावत होती. पन्नाशीची, काटक, बोटांना मेणाचे पिवळे डाग. चाळणकाकाकडे तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्ही होय माझी उत्तरक्रिया करायला आलेले?"

"नाही, म्हणजे... मी फक्त बघायला आलोय."

"बघा की. आधी हे बघा." ती उठली आणि त्याला बाहेर घेऊन गेली.

कलमांच्या रांगा होत्या. पुरुषभर उंचीची झाडं, प्रत्येकाच्या बुंध्याशी नंबराची पाटी. पण अर्ध्याहून अधिक झाडं काळवंडून वाळली होती. तिनं एकाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर साल गोलाकार कुरतडून काढली होती, बांगडी भरावी तशी. पांढरं लाकूड उघडं पडलं होतं आणि त्यावर बारीक दातांच्या रेघा होत्या.

"उंदीर," ती म्हणाली. "एवढी गोल साल गेली की संपलं. वरून हिरवं दिसतं चार दिवस, पण झाड मेलेलं असतं. या जातीचं म्हातारं झाड एकच उरलं होतं, डोंगराच्या उतारावर. त्याच्या फांद्या आणून मी दोनशे कलमं बांधली. मग ते झाड वादळात पडलं. आता या जातीचं जे काही आहे ते एवढंच."

"किती राहिलीत?"

"एकसष्ट. काल एकसष्ट होती. माझ्या लेकराला दात किती आलेत ते मी विसरले असेन, पण हा आकडा नाही विसरत."

"मग तुम्ही विष..."

"मागितलं. दहा वेळा मागितलं. भर बैठकीत म्हणाले, तुम्ही घुबडं पाळा, मी माझ्या हातानं विष पेरते. अख्ख्या केंद्रानं ऐकलंय." ती कडवट हसली. "तो पक्षीवाला राजहंस म्हणतो, मावशी, विष खाल्लेला उंदीर घुबडानं खाल्ला तर घुबड मरेल, धीर धरा. आणि दुसरा तो सापळेसाहेब! जिवंत उंदीर धरतो, कानात बिल्ला ठोकतो आणि सोडून देतो. म्हणे मोजायचेत. माझी झाडं खाणाऱ्यांच्या कानात डूल घालतो मेला!"

चाळणकाकाला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "सकाळचं सांगा."

"काय सांगू? मानेवर थंडगार थेंब पडला. वर बघितलं तर पेटीच्या भोकातून पाणी गळतंय. पाणी म्हणजे तसलं. तीनदा मान घासली साबणानं, तरी वास जात नाही."

त्यानं वहीत लिहून घेतलं. त्याची एक खोड होती. साक्षीदाराचा शब्द जसाच्या तसा लिहायचा, विशेषणासकट.

"परवा मला काढतील," ती चाकू पुसत म्हणाली. "काढू देत. हात आहेत, कुठंही पोट भरेन. पण ही एकसष्ट कोण बघणार? रोज सकाळी बुंधे चाचपायला लागतात. एक गोष्ट विचारू? मी विष घातलं, उंदरांनी खाल्लं, ते उंदीर घुबडांनी खाल्ले, असंच म्हणणं आहे ना तुमचं?"

"तसं... म्हणणं आहे खरं."

"मग मला एक मेलेला उंदीर दाखवा. अख्ख्या वाटिकेत एक. घुबडं काय शेवटच्या उंदरापर्यंत वेचून खाऊन मेली?"

३

मेलेली घुबडं बंदोबस्त विभागाच्या मागच्या पडवीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली होती. दुपारच्या उन्हात त्यांना वास सुटला होता. चाळणकाकानं रुमाल नाकाला बांधला, पण उपयोग झाला नाही. तो पडवीमागे गेला आणि ओकून आला.

"घुबडंही ओकतात," सापळेसाहेब म्हणाला. बंदोबस्त विभागाचा हा मुख्य, दाढी वाढलेला, खिशात दोरीचे तुकडे. "फक्त ती गिळलेल्या उंदराची हाडं आणि केस यांची छान सुकी गोळी ओकतात. कामाची असते. तुमचं नुसतं वाया गेलं."

"पाणी द्या हो."

"घ्या. आणि मला विचाराल तर बाईनं बरोबर केलं. बरणी माझ्याच कपाटातली आहे. कपाटाला कडी आहे, कुलूप नाही. कोणीही नेली असेल. दोन वर्षं मी विषाचा दाणा वापरलेला नाही. पक्षीवाल्यांचा हुकूम."

"तुमचं त्यांच्याशी बोलणं असतं का?"

"मधे एक भिंत आहे. ती पुरते." त्यानं दाढी खाजवली. "बोलायला जावं तर ते उच्चवर्णीय. त्यांचे पक्षी, आमचे उंदीर. त्यांनी माझा अहवाल कधी वाचला नाही, मी त्यांचा वाचत नाही."

"मग तुमच्या अहवालात काय आहे?"

"उंदीर वाढतायत, असं आहे. दर महिन्याला धरतो. धरलेल्या दहांत चार माझे बिल्लेवाले निघतात. पितळी बिल्ले, संचालकबाईंच्या सहीनं मंजूर झालेले. त्यावरून हिशेब लागतो. आज हजाराच्या आसपास असतील, दोन वर्षांपूर्वी निम्मे होते. कोणाला सांगू? त्यांच्या अहवालात कमी झालेत, माझ्या अहवालात वाढलेत, दोन्हींवर एकच सही आहे आणि दोन्ही एकाच कपाटात गुण्यागोविंदानं नांदतायत."

चाळणकाकानं मन घट्ट केलं आणि ट्रेजवळ गेला. काडीनं त्यानं पहिल्या घुबडाचा पंख उचलला. आत हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. दुसऱ्याचाही पंख मोडलेला. तिसऱ्याची छाती एका बाजूनं चेपलेली होती.

"विषानं हाडं मोडतात का?"

सापळेसाहेब जवळ आला. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली. "नाही. विषानं रक्त गोठत नाही, आतल्या आत वाहतं. हाडाला काही होत नाही."

"पेटीत उंचावरून पडलं तर?"

"पेटी हातभर उंचीची आहे. तिच्यात पडून काय मोडणार?"

मग चाळणकाका शिडी चढून पेट्यांकडे गेला. कुबट, ओकारी आणणारा वास येईल म्हणून त्यानं श्वास धरून ठेवला होता. घुबडांनी दोन वर्षं जिथं राहायचं, विष्ठा टाकायची, पिलं वाढवायची, तिथं आणखी काय असणार? त्यानं हळूच श्वास सोडला आणि घेतला.

मेलेल्या मांसाचा वास होता. त्याच्याखाली मात्र नुसता नव्या लाकडाचा वास होता. फळीवर पांढरा डाग नाही, पीस नाही, हाडाचा कपटा नाही. बाकीच्या नऊ पेट्याही त्यानं हुंगल्या. त्यांना तर सुताराच्या दुकानासारखा वास येत होता.

तो शिडीवरून उतरला. मनाला शिवलेला विचार त्याला घुबडांपेक्षा घाण वाटला. कारण पक्षी विभागाचा मुख्य, ज्याला सगळे राजहंस म्हणत, तो त्याच्या भाचीचा नवरा होता.

४

राजहंसाची खोली थंड आणि स्वच्छ होती. तोही तसाच होता. पांढरा सदरा, हाताला साबणाचा मंद वास, आवाजात मध.

"या मामा! बसा. तुम्हाला हा त्रास देणं मला मुळीच पटलेलं नव्हतं. पण हिचं म्हणणं, घरचा माणूस हवा."

"तुम्हाला वाईट वाटत असेल."

"तीन गेली. उरलेली उडून गेली असणार, आता परत येत नाहीत." त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "मावशींचा मला राग नाही. अडाणीपणानं झालं. मी तर म्हणतो, पोलिसांत देऊ नका, नुसतं कामावरून कमी करा."

चाळणकाकाचे कान तापले. असलं क्षमाशील बोलणं ऐकलं की त्याला हात धुवावेसे वाटत.

"तुमच्या कामाचं काही दाखवाल?" तो पुटपुटला. "मला काही कळत नाही, पण कुतूहल म्हणून."

राजहंस खुलला. त्यानं भिंतीतलं लांबलचक खणांचं कपाट उघडलं. आत पुठ्ठ्याच्या छोट्या डब्या ओळीनं. प्रत्येकीवर पेटीचा नंबर, तारीख, आणि वरून चिकटपट्टी.

"बारा पेट्यांखालून वेचलेल्या गोळ्या. दोन वर्षांत अकराशे. एकेका गोळीत सरासरी दोन उंदरांची हाडं. यावरूनच आपण सिद्ध केलं की इथली घुबडं इथले उंदीर खातात."

"सगळ्या उघडून पाहिल्या असतील."

"शंभरेक फोडल्या सुरुवातीला. बाकीच्या न फोडता ठेवल्या आहेत. समितीला पुरावा हवा ना, हात न लावलेला. एकही उघडलेली नाही, हवं तर तपासा."

चाळणकाकानं एक डबी हातात घेतली. चिकटपट्टी दोनदा गुंडाळली होती आणि तिचं टोक चिमटीत धरता यावं म्हणून नेमकं त्रिकोणी दुमडलं होतं. दुसरी डबी घेतली. तिथंही त्रिकोण. किती टापटीप माणूस, असं त्याला वाटलं, आणि मग आठवलं की असाच त्रिकोण आज त्यानं आणखी कुठंतरी पाहिला होता.

विषाची बरणी. संचालकबाईंच्या टेबलावर ठेवलेली.

"यातल्या काही मी नेऊ का? बघायला?" त्यानं विचारलं.

"न्या की! किती हव्यात?"

"दोनशे."

राजहंस मोठ्यानं हसला. "मामा, निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद लागतोच!"

५

दुसरा दिवस त्यानं गोदामातल्या एका टेबलावर काढला. शेजारी पाण्याचं घमेलं, चिमटा, भिंग आणि त्याची स्वतःची जुनी पितळी चाळणी.

गोळी पाण्यात टाकली की फुगायची, सुटायची, आणि मग केस, कवट्या, पिवळे दात वर यायचे. ओल्या केसांचा वास बोटांत भिनला. पहिल्या दहा गोळ्यांना तो दोनदा उठून बाहेर गेला. पुढं नुसतीच मळमळ राहिली, तिला जाता येत नव्हतं आणि येताही येत नव्हतं.

चाळीस गोळ्या झाल्या तेव्हा दुपार झाली होती. बशीत एकोणऐंशी कवट्या होत्या. त्याला जे हवं होतं ते एकही नव्हतं.

खरं म्हणजे उत्तर तिथंच मिळालं होतं. पण चाळणकाकाला स्वतःवर कधीच भरवसा नव्हता. आपली चूक असेल तर? चाळीसच्या चाळीस गोळ्या योगायोगानं तशा निघाल्या असतील तर? भाचीचा संसार आहे हा. त्यानं एक्केचाळिसावी पाण्यात टाकली.

चारच्या सुमारास भाची आली. दारातच थांबली, पदर नाकाला लावला.

"शी! मामा, काय चालवलंयस हे? दोन ओळी लिहायच्या होत्या."

"लिहितो. थोड्या राहिल्यात."

"तू लहानपणापासून असाच आहेस. आई सांगायची, याला दूध आणायला पाठवलं तर म्हशीची चौकशी करत बसेल." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "समिती सकाळी नऊला येते. त्याआधी मला कागद हवा."

"बाळ, तू अहवालांवर सह्या करतेस, ते वाचतेस का गं?"

"महिन्याला साठ येतात. वाचत बसले तर केंद्र कोण चालवणार?" ती वळली, मग पुन्हा वळली. "मामा, वेडंवाकडं काही लिहू नकोस हं. घरचा आहेस म्हणून बोलावलं तुला."

ती गेल्यावर त्यानं चिमटा पुसला. मग कामाला लागला. दिवेलागणीला दोनशे पुऱ्या झाल्या. कवट्या भरल्या चारशे सहा.

आणि बशीचा दुसरा कप्पा, जो त्यानं सकाळी पुसून स्वच्छ ठेवला होता, तो तसाच स्वच्छ होता.

६

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता संचालकबाईंच्या खोलीत पाचजण जमले. टेबलाच्या एका टोकाला भाची, तिच्या शेजारी राजहंस, समोर सापळेसाहेब. कलमबाई दाराशी उभी होती, कारण तिला कोणी खुर्ची दिली नव्हती. चाळणकाकानं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः उभा राहिला.

"मला बोलायची सवय नाही," तो म्हणाला. "चुकलं तर सांगा. सापळेसाहेब, इथल्या दहा उंदरांत बिल्लेवाले किती?"

"चार."

"घुबडानं उंदीर गिळला तर बिल्ल्याचं काय होईल?"

"पितळ कसलं पचतंय? गोळीत बाहेर येईल, हाडांबरोबर." एवढं बोलून सापळेसाहेब एकदम ताठ बसला.

चाळणकाकानं बशी टेबलावर ठेवली. "मी दोनशे गोळ्या फोडल्या. चारशे सहा उंदीर. त्यांतले शंभर-दीडशे तरी बिल्ले मिळायला हवेत. पंधरा-वीस मिळाले असते तरी मी गप्प बसलो असतो." त्यानं रिकामा कप्पा पुढं केला. "एकही नाही. हे उंदीर इथले नाहीत."

राजहंसानं बशीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "कसले बिल्ले?"

"अरे देवा," सापळेसाहेब म्हणाला. "दोन वर्षं भिंतीपलीकडे ठोकतोय, आणि याला ठाऊकच नाही!"

"हे बघा," राजहंस लगेच सावरला, "घुबडं लांब उडतात. बाहेरच्या शेतांत शिकार करत असतील."

"असतील," चाळणकाकानं मान डोलावली. "मग इथले उंदीर कमी झाले ते कशानं? तुमच्या अहवालात झालेत."

बाहेर कोणीतरी समितीसाठी खुर्च्या मांडत होतं, त्यांचा खरखर आवाज येत होता.

"पेट्यांमध्ये कोणी कधी राहिलेलं नाही," तो पुढं म्हणाला. आता आवाज थोडा लागला होता. "दोन वर्षांचा संसार असता तर घाण असती. मला घाण लवकर कळते. आज समिती पेट्या उघडणार. रिकाम्या निघाल्या तर त्याला काहीतरी कारण हवं, आणि कोणीतरी गुन्हेगार हवा. ज्या बाईनं भर बैठकीत विष पेरीन म्हटलं, ती तयारच होती. बरणी तिच्या छपरीत ठेवली. पण ठेवण्याआधी झाकणावर चिकटपट्टी गुंडाळली. विष सांडू नये म्हणून असेल, माणूस टापटीप आहे. टोक त्रिकोणी दुमडलं. कलमबाई, तुम्ही कलमावर पट्टी गुंडाळता, तिचं टोक काय करता?"

"खोचते. आतल्या फेऱ्यात. दुमडलं तर पाणी शिरतं, कलम कुजतं."

"आणि घुबडं?" भाचीनं विचारलं. तिचा आवाज कोरडा होता. "मेलेली घुबडं तर खरी होती ना?"

"खरी. पण हाडं मोडलेली. रस्त्यावर गाडीखाली आलेली. लोक अशी मेलेली पाखरं कोणाकडे आणून देतात?" त्यानं वही उघडली. "कलमबाई म्हणाल्या, मानेवर थंडगार थेंब पडला. उन्हाळ्याची सकाळ, महिनाभर पाऊस नाही, आणि थंडगार. बर्फ वितळत होता तो. पक्षी विभागाच्या फ्रीजरमध्ये बघायला हवं. मी अजून बघितलेलं नाही. माझी चूक असू शकते."

"मामा," राजहंसाच्या आवाजातला मध आटला होता. "चिकटपट्टी कोणीही दुमडतं. बर्फ काय, दव काय. तुम्ही खडे वेचणारा माणूस. आणि घरचे आहात. याचा विचार..."

"तीन होती," भाची म्हणाली.

राजहंसानं वळून तिच्याकडे पाहिलं.

"गेल्या आठवड्यात फ्रीजरमध्ये तीन होती. मी बर्फ आणायला गेले तेव्हा मीच पाहिली. पिशवीत." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "परवा सकाळी नव्हती. मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस?" चाळणकाका म्हणाला.

"कारण आत्ता तू सांगितलंस तसंच काहीतरी तो सांगेल, अशी भीती वाटली." तिनं कपाळ धरलं. "तुला बोलावलं, कारण तू कधी कोणाला काही बोलत नाहीस."

चाळणकाकाच्या पोटात पुन्हा तीच मळमळ आली. या वेळी ओल्या केसांचा वास नव्हता, समोर फक्त त्याची भाची होती. बोटाला धरून जिला त्यानं शाळेत सोडलं होतं, ती.

राजहंस खुर्चीत मागे टेकला. "घुबडं आलीच नाहीत," तो एकदम म्हणाला. "पहिले सहा महिने रोज चढून बघत होतो मी. एक नाही आलं. काय लिहिणार होतो? लांब एका बंद गिरणीत जोड्या होत्या, तिथून आणल्या गोळ्या. पुढं कोणी विचारलंच नाही. यात कोणाचं काय नुकसान..."

"शून्य लिहायचं होतं," चाळणकाका म्हणाला. तो इतक्या मोठ्यानं बोलला की स्वतःच दचकला. "शून्य हा आकडाच आहे! मी शून्य उगवलेली पोती पाहिलीत आणि तसं लिहिलंय. त्यावर लोकांनी दुसरं बियाणं आणलं. तुम्ही शून्य लिहिलं असतंत तर हिला दीड वर्षापूर्वीच उंदरांचा बंदोबस्त करू दिला असता. दोनशे कलमं होती, दोनशे!"

कलमबाई इतका वेळ खुर्चीच्या कडेवर बसली होती. ती राजहंसाकडे बघत म्हणाली, "मला म्हणायचात, मावशी, धीर धरा." ती थुंकली नाही, एवढंच.

चाळणकाकानं खिशातून कागद काढला आणि भाचीपुढं ठेवला. तिनं पेन उचललं.

"आधी वाच."

"मामा, नऊ वाजतायत."

"वाच. मोठ्यानं."

तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागली. सुरुवातीला अहवाल वाचावा तसा आवाज होता. 'पेट्या बारा. त्यांत वास्तव्याच्या खुणा: शून्य. गोळ्यांतील उंदीर चारशे सहा. त्यांतील या केंद्रातले: शून्य. कलमबाईंविरुद्ध पुरावा...' इथं ती थांबली, पाणी प्याली, आणि शेवटचा शब्द वाचला. मग सही केली, आणि सहीखाली समितीला उद्देशून दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहिल्या. राजहंस उठून खिडकीशी गेला. त्याला कोणी थांबवलं नाही, कोणी बोलावलंही नाही.

७

समिती आत असताना चाळणकाका बाहेरच्या नळावर हात धूत होता. चौथ्यांदा. साबणाची वडी अर्धी झाली होती.

कलमबाई शेजारून गेली. तिच्या डोक्यावर पत्र्याच्या पट्ट्यांची मोळी होती आणि मागून सापळेसाहेब तारेचं भेंडोळं घेऊन चालला होता. बुंध्यांना वीतभर उंच पत्रा गुंडाळायचा, म्हणजे दात लागत नाहीत. संचालकबाईंचा हुकूम बैठकीतून बाहेर येऊन अर्धा तासही झाला नव्हता. दोन वर्षं जे होत नव्हतं ते अर्ध्या तासात निघालं.

"डूल घालणारे, पक्कड द्या इकडं," ती ओरडली.

"देतो. आधी अहवाल लिहू का?" सापळेसाहेब म्हणाला.

चाळणकाकाही पट्ट्या धरायला गेला. तेवढं त्याला जमण्यासारखं होतं. ती बुंधा चाचपायची, तो पट्टी धरायचा, सापळेसाहेब तार पिळायचा. रांग संपत आली तशी त्याच्या मनातली मळमळ उतरायला लागली. सवयीनं तो मनात मोजत होता.

शेवटच्या झाडाशी तो थांबला.

"एकोणसाठ," तो म्हणाला. "चुकलं का माझं? एकसष्ट म्हणाला होतात."

कलमबाईनं मागच्या रांगेतल्या दोन झाडांकडे बोट दाखवलं. पानं अजून हिरवीगार होती. बुंध्यांवर वीतभर उंचीवर पांढरी, ताजी, ओली बांगडी होती.

"ते एक परवाचं," ती म्हणाली. "आणि हे कालचं."

काल. काल दुपारी त्याच्या बशीत चाळीस गोळ्यांतल्या कवट्या होत्या आणि उत्तर समोर होतं. उरलेल्या एकशे साठ त्यानं स्वतःच्या खात्रीसाठी फोडल्या होत्या.

त्यानं हात पुढं केला आणि त्या ओल्या लाकडावरून बोट फिरवलं. दातांच्या रेघा लागल्या. एरवी त्यानं लगेच रुमाल काढला असता.

"यातून काही वाचवता येतं का?" त्यानं विचारलं.

"झाड नाही. वरच्या फांद्या आहेत, चार दिवस." तिनं कमरेचा चाकू काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. "वेळ आहे तुम्हाला?"

"आहे."

"मग मेणाचा डबा आणा. आणि पट्टीचं टोक दुमडायचं नाही. खोचायचं."